उधारी, हप्ता अन् चार लोकांचं बोलणं: गावात नवा धंदा टाकणाऱ्यानं डोकं जागेवर कसं ठेवावं

धंदा कसा टाकायचा ते सांगणारे पाहिजे तेवढे भेटतात. प्रोजेक्ट रिपोर्ट बनवून देणारा भेटते, मशीन विकणारा तर घरी येऊन बसते. पण धंदा टाकून सहा-आठ महिने झाले, अर्धा माल उधारीवर गेला, बँकेचा मेसेज आला अन् रात्री डोळा लागेना, तेव्हा काय करायचं हे विचारायला माणूस सापडत नाही. हा लेख त्या वेळेसाठी आहे. मिनी दाल मिल असो, पिठाची चक्की असो, शेळ्या, कोंबड्या, शिलाई, पापड-शेवया, संत्र्याच्या कलमांची नर्सरी, काहीही असो, पहिली दोन-तीन वर्षं सारखीच जातात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खेड्यातल्या धंदेवाल्याचं मन मोटिवेशनचे व्हिडिओ पाहून टिकत नाही. आपल्याकडं मन खचते त्याच्या मागं बहुतेक वेळा कुठली तरी पैशाची तारीख असते, म्हणून आधी तारखा लावा, उधारी बांधा, बोलायला माणूस ठेवा. हिंमत त्यातूनच येते, वेगळी कुठून आणायची गरज पडत नाही. अन् एवढं करूनही मन बसलं तर तो आजार असू शकते, त्याचा इलाज होते, ते शेवटच्या पायरीत लिहिलं आहे. ज्याची हालत आत्ताच खराब आहे त्यानं बाकी सोडून सरळ तिकडंच जावं.

पायरी १: पैसा कोणत्या महिन्यात येते ते भिंतीवर लिहा

विदर्भात पैसा बारा महिने सारखा फिरत नाही हे आपल्याला माहीत आहे, पण धंदा टाकताना आपण ते विसरतो अन् पुण्या-मुंबईच्या पगारदार माणसासारखा महिन्याचा हप्ता बांधून घेतो. इकडं दसरा-दिवाळीच्या आसपास सोयाबीन विकलं जाते, मग कापूस, मग तूर, मग चणा-गहू. भंडारा-गोंदियाकडं धान. संत्रावाल्यांचा आंबिया अन् मृग असा वेगळा हिशोब. मोटामोटी दिवाळी ते होळी लोकांच्या खिशात पैसा राहते. उन्हाळ्यात लग्नं त्याला खाऊन टाकतात, जूनमध्ये बियाणं, खत अन् पोरांच्या वह्या-पुस्तकांत उरलेलं जाते, अन् त्यानंतर पोळ्यापर्यंत गावात कडकी. त्या कडकीत तुमचं दुकान चाललं नाही तर ते तुमच्या नालायकीनं नाही, त्या महिन्यात कोणाचंच चालत नाही. ही एवढी गोष्ट समजायला काही जणांना तीन पावसाळे लागतात अन् तोवर ते स्वतःलाच दोष देत बसतात.

तर करायचं असं. एक साधं कॅलेंडर घ्या, आपल्या धंद्याचे चालणारे महिने हिरव्या पेनानं अन् बसून राहायचे महिने लाल पेनानं रंगवा. दाल मिलवाल्याचं काम तूर घरात आली की सुरू होते अन् पाऊस लागला की डाळ वाळवायची पंचाईत, म्हणजे पावसाळा लाल. ब्रॉयलरवाल्यानं दोन ठिकाणी लाल मारायचं, एक मे महिना कारण पंचेचाळीस डिग्रीत पक्षी मरतात, दुसरा श्रावण कारण उठाव राहत नाही. शेवया-पापडवाल्या बायांचं काम उन्हाळ्यात, विक्री वर्षभर. आता त्याच कॅलेंडरवर हप्ते लिहा. लाल महिन्यात हप्ता दिसला म्हणजे तिथं तुमची झोप उडणार हे आजच कळलं, मग त्याची सोय दिवाळीतच करून ठेवा.

कर्ज अजून घ्यायचंच आहे त्यानं तर बँक मॅनेजरशी हे आधीच बोलावं. सुरुवातीचे काही महिने सूट, हंगाम पाहून हप्ते, अशी मागणी करता येते, मंजूर होईल का नाही हा पुढचा प्रश्न, पण सही करायच्या आधी विचारलं तर विचारता येते, नंतर हात बांधलेले राहतात. अन् सबसिडीच्या भरवशावर राहू नका. पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मितीची कर्ज-अनुदान योजना) खेड्यात खुल्या गटाला २५ टक्के अन् महिला, एससी, एसटी, ओबीसी वगैरेंना ३५ टक्के अनुदान आहे हे खरं, पण ते पैसे तुमच्या हातात पडत नाहीत. बँकेत तुमच्या नावानं ३ वर्षं वेगळे ठेवले जातात अन् मग पाहणी होऊन कर्जात वळते होतात. एजंट हे सांगत नाही. त्या पैशातून शेड बांधू, बहिणीच्या लग्नाला लावू, असं मनात धरून बसलेला माणूस पहिल्याच वर्षी असा काही खचते की धंद्यावरचं लक्षच उडून जाते.

पायरी २: घराचा पैसा अन् धंद्याचा पैसा वेगळा

हे सगळेच सांगतात म्हणून लवकर उरकतो. वेगळं बँक खातं, वेगळा क्यूआर कोड, अन् स्वतःला महिन्याला ठरलेली मजुरी, कमी का असेना. फायदा फक्त हिशोबाचा नाही. सगळं एकाच गल्ल्यात असलं की घरात पाहुणे आले तरी धंदा तोट्यात गेल्यासारखा वाटते अन् एक दिवस विक्री चांगली झाली की आपण राजे. मन दिवसातून चार वेळा वर-खाली होते.

हिरव्या महिन्यांत थोडं बाजूला टाका, दोन लाल महिन्यांचे हप्ते अन् किराणा निघेल एवढं जमलं तरी लय झालं. सोबत बँकेत सांगून जीवन ज्योतीचा विमा वर्षाला ४३६ रुपये अन् अपघाताचा सुरक्षा विमा २० रुपये, दोन्ही २-२ लाखांचे, चालू करून घ्या. घरच्यांच्या डोक्यावरचं ओझं हलकं झालं की घरातली कटकटही कमी होते, ती पण धंद्याला लागते.

पायरी ३: उधारी (इथं जास्त वेळ द्या)

गावात उधारी बंद करता येत नाही. "आज नगद उद्या उधार" ची पाटी लावून पाहा, चार दिवसांत काका, मामा, सरपंच, तुमचे स्वतःचे मास्तर, सगळे उधारीवर माल घेऊन गेलेले दिसतील. म्हणून बंद करायचा नाद सोडा, उधारीला कुंपण घाला.

पहिलं कुंपण रकमेचं. एका घराला जास्तीत जास्त किती, हे आज ठरवा, कागदावर लिहा अन् घरच्यांनाही सांगा. दुसरं कुंपण सगळ्यांची मिळून किती. समजा तुमच्याकडं माल भरायला ४० हजार राहतात, त्यातले १५ हजार बाहेर गेले की पुढच्या माणसाला, तो कोणी का असेना, थांबायला सांगायचं. तिसरं कुंपण वहीवर सही. लोकांना सही मागायला लाज वाटते, पण लाज आत्ता पाच मिनिटांची अन् नंतरचं भांडण पाच वर्षांचं. कोर्टात उधारी वसूल करायची मुदत साधारण ३ वर्षांची राहते, मुदतीच्या आत समोरच्यानं बाकी कबूल करून सही केली तर ती मुदत नव्यानं मोजली जाते. कोर्टात कोणी जात नाही हे मलाही माहीत आहे, पण सही असली की समोरचा "मी कधी नेलं" म्हणत नाही, अन् तुम्हाला रात्री मनातल्या मनात त्याच्याशी भांडावं लागत नाही.

आता नाही कसं म्हणायचं. सोयऱ्याला तोंडावर नाही म्हणणं जमत नाही तर नियमावर ढकला. "भाऊजी, तुम्हाला नाही म्हणवत नाही, पण बँकेवाल्यानं वही पाहिली अन् उधारी यापेक्षा वाढवू नको म्हणून सांगितलं." किंवा वही सरळ बायकोकडं द्या, "हिशोब तिच्याकडं आहे, तिला विचारा." आपल्याकडच्या बाया या कामात माणसांपेक्षा पक्क्या राहतात, बचत गटाचे हप्ते त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केले आहेत. फक्त तिला पुढं करून मागून तुम्ही गुपचूप माल देऊ नका, मग घरातच महाभारत.

मागायचं कधी, हे पण शिकावं लागते. पेरणीत मागितलं तर माणूस चिडते, अन् मिळत तर काहीच नाही. ज्याचं सोयाबीन आहे त्याला सोंगणी झाल्यावर, कापूसवाल्याला दुसऱ्या वेचणीनंतर, दूधवाल्याला डेअरीचा पगार होते त्या दिवशी. उधारी देतानाच वहीत लिहून ठेवा, "कापूस विकला की". अन् मागताना चारचौघांत, पानठेल्यावर कधीच नाही. घरी जा, चहा घ्या, मग "काका, मला माल भरायचा आहे, हजार-पाचशे जे जमेल ते द्या" म्हणा. पूर्ण मागितले तर माणूस तोंड लपवते, थोडे मागितले तर देते अन् दुकानात येणंही सोडत नाही.

काही उधारी बुडतेच. ज्याच्या वावरात पाणी भरलं, ज्याच्या घरी आजारपण निघालं, त्याच्याकडून येणार नाही. दर दिवाळीला वहीतून असे दोन-चार जण निवडा अन् त्यांचे पैसे आले तर आले असं धरून वेगळ्या पानावर लिहून टाका. माफ केलं असं त्याला सांगायची गरज नाही. पण रोज ते नाव पाहून रोज जीव जाळणं बंद होते, हा खरा फायदा. अन् जो मुद्दाम बुडवते, ट्रॅक्टर घेते पण तुमचे दोन हजार देत नाही, त्याला माल बंद, बोलणं चालू.

शहरातल्या दुकानदाराला किंवा कंपनीला माल देत असाल तर उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) आधी करून घ्या, ती फुकट होते, त्याचे कोणाला पैसे देऊ नका. सूक्ष्म अन् लघु उद्योगाला मालाचे पैसे कायद्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत, नाही दिले तर व्याज लागते अन् ऑनलाइन तक्रार करता येते. हे बनवणाऱ्याला अन् सेवा देणाऱ्याला लागू आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. प्रत्यक्षात बरेच जण गिऱ्हाईक तुटेल म्हणून तक्रार करत नाहीत, ठीक आहे, पण बिलावर "४५ दिवस" छापलेलं असलं तरी बोलणं सोपं जाते.

पायरी ४: हप्ता थकायच्या आधी बँकेत जा

माणूस करते उलटं. हप्ता भरायला पैसे नाहीत म्हणून बँकेच्या रस्त्यानं जाणं बंद, फोन उचलणं बंद, अन् मनात दिवसरात्र तेच. भीती लपल्यानं वाढते. बँकेची भाषा समजून घ्या म्हणजे अर्धी भीती जाईल. हप्ता एक दिवस चुकला म्हणून तुम्ही बुडीत होत नाही. साध्या टर्म लोनमध्ये ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत होते. त्याच्या आधी ३०, ६०, ९० दिवसांचे टप्पे राहतात अन् प्रत्येक टप्प्यावर बँकेचाही जीव टांगणीला असते, कारण तुमचं खातं बिघडलं की मॅनेजरला वर उत्तर द्यावं लागते. म्हणून पहिल्याच महिन्यात जा, वही सोबत न्या, कुठं किती अडकले ते दाखवा, हप्त्याची मुदत वाढवून किंवा नव्यानं बांधून मिळते का विचारा. तोंडी बोलून येऊ नका, अर्ज द्या अन् पोच घ्या. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही, त्यामुळे मुद्रा थकली तर वावर जाईल ही भीती बऱ्याच जणांना उगाचच असते. सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, मात्र बिघडते, ते खरं.

गटवाल्या फायनान्स कंपन्यांची गोष्ट वेगळी. आठवड्याचा हप्ता, सेंटरवर बसवून ठेवणं, बाकीच्या बायांसमोर बोलणं. इथं रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासूनचे नियम माहीत पाहिजेत: घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नयेत हे बघूनच कर्ज द्यायचं, वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी अन् संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, शिव्या-धमक्या चालत नाहीत, नातेवाइकांना, मित्रांना, सोबत काम करणाऱ्यांना त्रास द्यायचा नाही. वसुलीवाला पोट्टा दारात उभा राहिला की हे त्याला शांतपणे सांगा अन् कंपनीच्या तक्रार नंबरवर लेखी टाका. तो पण पगारावरचाच माणूस आहे, त्याच्याशी भांडून काही निघत नाही.

अन् एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरं कर्ज, मोबाइल ॲपवरचं तर मुळीच नाही.

पायरी ५: चार लोक काय म्हणतील

गावात धंदा म्हणजे रोजचा निकाल. दुकान उशिरा उघडलं तरी पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता चर्चा, "बसला वाटते". शहरात धंदा बुडला तर शेजाऱ्याला पत्ता नसते, इथं गोऱ्हा विकला तरी गावभर. यावर उपाय म्हणजे लोकांचं बोलणं थांबवणं नाही, ते होत नाही. उपाय असा की आपल्याकडं आपला स्वतःचा निकाल लिहिलेला पाहिजे. महिन्यातून एकदा, एकच पान: विक्री किती, खर्च किती, उधारी किती वाढली, नवीन गिऱ्हाईक किती. गावाचं मत अन् हे पान जुळत नसलं तर पान खरं.

दुसरं, थांबायची रेघ आधीच मारून ठेवा. धंदा चांगला चालू असताना, शांत डोक्यानं, घरच्यांसोबत बसून ठरवा: सलग दोन हंगाम तोटा झाला किंवा घरातून एवढ्यापेक्षा जास्त पैसा टाकावा लागला तर बंद करायचा किंवा बदलायचा. वावर विकून, बायकोचे दागिने मोडून धंदा ओढत राहणं याला आपल्याकडं हिंमत म्हणतात, मला ते पटत नाही. शेतकरी एका वर्षी पऱ्हाटी उपटून चणा पेरते तेव्हा त्याला कोणी हरला म्हणत नाही, मग चक्की विकून दुसरं काही केलं तर का म्हणावं?

बायांना यात एक जास्तीचं ओझं राहते. धंदा तिचा, उद्यमवर नाव तिचं, पण बरा चालला तर "नवऱ्यानं टाकून दिला" अन् बुडाला तर "घर सोडून बाहेर हिंडते म्हणून". ताई, या बोलण्याला उत्तर देत बसू नका. पण पैसे आपल्या नावाच्या खात्यातच येऊ द्या अन् एटीएम कार्ड आपल्याजवळ ठेवा.

पायरी ६: रोजच्या दोन-तीन सवयी

रात्री काळजी येते ती सगळी एकदम येते, बँक, उधारी, पोराची फी, पाऊस. झोपायच्या तासभर आधी एका कागदावर सगळं लिहून काढा अन् प्रत्येकासमोर उद्या करायचं एक छोटं काम लिहा, "अमक्याला फोन", "बँकेत अर्ज". ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही, जसा पाऊस, त्यावर काट मारा. ऐकायला पोरखेळ वाटते, करून पाहा. छातीत धडधड झाली तर श्वास हळू घ्या अन् घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा, पाच मिनिटं. खर्रा अन् चहा संध्याकाळनंतर कमी करा, तंबाखू अन् चहा दोन्ही झोप उडवतात. दारूनं झोप लागल्यासारखी वाटते पण मधेच तुटते अन् सकाळी काळजी दुप्पट.

पायरी ७: दोन माणसं पक्की करा

एक माणूस हिशोब कळणारा. जुना दुकानदार, बँकेतून रिटायर झालेले काका, किंवा ज्या आरसेटीत (बँकांची गावच्या लोकांना धंदा शिकवणारी संस्था) ट्रेनिंग घेतलं तिथले सर. जिल्ह्याच्या आरसेटीत स्वयंरोजगाराचं ट्रेनिंग राहण्या-जेवण्यासकट फुकट राहते अन् नंतरही ते लोक धंद्याची चौकशी करतात, लाजू नका. दुसरा माणूस असा की ज्याला फक्त ऐकता येते. तो सल्ला द्यायला लागला की तो माणूस बदला. बायांसाठी गटातली मैत्रीण राहते. माणसांचं अवघड, आपले लोक दहा जणांत बसून खर्रा खातील, राजकारणावर तासभर बोलतील, पण "मला टेन्शन आलं" हे तीन शब्द निघत नाहीत. ज्या गावात संध्याकाळी तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना अजून होते तिथं जाऊन बसा. भाविक असा नसा, रोज एका वेळी चार माणसांत बसणं झालं अन् कोणी दोन दिवस आला नाही तर विचारपूस होते.

पायरी ८: हे टेन्शन नाही, आजार आहे, हे कसं ओळखावं

दोन आठवडे झाले, जवळपास रोज, मन उदास, आवडीच्या कामातही जीव लागत नाही, झोप उडाली किंवा उठवतच नाही, भूक गेली, चिडचिड, डोकं-अंग दुखते पण डॉक्टरला काही सापडत नाही, मी घरावर भार झालो असं वाटते. यातलं बरंच जुळलं तर थांबू नका. जगण्यात अर्थ नाही, मेलेलं बरं, असे विचार येत असले तर दोन आठवडे पण मोजू नका, त्याच दिवशी बोला.

फोन करायचा १४४१६ वर. हा टेली मानस नंबर आहे, केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला, चोवीस तास चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येते. जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी राहते, शिवाय नागपूर, यवतमाळ, अकोल्याचं मेडिकल अन् सेवाग्रामचं हॉस्पिटल आहेच. तिथं गेलं म्हणजे वेडा ठरला असं काही नाही, शुगर-बीपीच्या रांगेसारखीच रांग आहे. गावात कोणाला सांगायचं नसेल तर माल आणायला जिल्ह्याला चाललो म्हणून जा.

घरच्यांसाठी अन् मित्रांसाठी. शंका आली तर सरळ विचारा, "जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येऊन राहिला का?" विचारल्यानं तो विचार मनात घुसत नाही, उलट माणूस मोकळा होते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, भाषण देऊ नका, "पोरांकडं पाहा" म्हणून लाजवू नका, त्याच्यासमोर १४४१६ लावा, अन् धोका आत्ताचाच वाटला तर ११२ लावा किंवा सरळ दवाखान्यात न्या. फवारणीची औषधं घरात ठेवूच नका, ठेवायची वेळ आलीच तर कुलपात अन् चावी दुसऱ्याकडं. कृषी केंद्रवाल्यांनी तर ही काळजी जास्तच घ्यावी, दुकान अन् घर एकाच भिंतीला असते.

डॉक्टरनं गोळ्या दिल्या तर एक गोष्ट माहीत पाहिजे. यातल्या बऱ्याच गोळ्यांचा फरक दिसायला दोन-चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत "काही फायदा नाही" म्हणून सोडू नका, अन् बरं वाटलं म्हणून मनानं बंदही करू नका, डॉक्टरला विचारूनच कमी करायच्या. पुढची तारीख त्याच कॅलेंडरवर लिहा, हप्त्याच्या तारखेच्या बाजूला, म्हणजे चुकणार नाही.